पायाळू

रोशने, उद्या तुझी तारीख.
मी ब्लाउज शिवणारी बाई, मला काय कळतं,
पण त्या टेबलावर एकदा झोपले आहे
म्हणून ऐक.

तुझं आडवं आहे. माझं बसलं होतं
डोकं वर करून, मांडी घालून,
फिरायलाच तयार नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापू.
मी म्हटलं, कापा, मी रोज तेच करते.
घरी येऊन मग मशीनवर डोकं ठेवून रडले.

रात्री बारानंतर पोटात काही नाही.
नवतप्यात, धंतोलीच्या तिसऱ्या मजल्यावर
कूलरचं पाणी टपकताना ऐकायचं.
प्रफुल खाली जाऊन तर्री-पोहा खाऊन येईल,
शर्टावर लाल डाग घेऊन.
भांडू नको. हात थरथरल्याशिवाय
तर्री अशी सांडत नाही.

बांगड्या काढतात. नखांचा रंग पुसतात.
लघवीची नळी घालतात,
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते.

मग आतली थंडी.
बाहेर सेहेचाळीस, आत दात वाजतात.
कोडापे सिस्टर उशी देते छातीशी धरायला,
"पाठ बाहेर काढा ताई, मांजरीसारखी,"
आणि डॉक्टर वझलवार मणके चाचपतात
जशी मी हुकांची जागा चाचपते.
एक टोचणी.
थोड्या वेळाने पाय
दुसऱ्याच कोणा बाईचे.

छातीवर हिरवा पडदा येतो.
वरच्या दिव्याच्या काचेत बघू नको.
मी बघितलं.
लाल अस्तर.

दुखत नाही. खोटं नाही सांगत.
पण ओढतात,
पोटात कोणी चाव्या शोधून राहिलं जसं,
मोठ्या पिशवीत, घाईघाईत.
त्या बोलत होत्या वर्धा रोडच्या ट्रॅफिकबद्दल
आणि मधेच एकदम गप्प झाल्या.
मग आवाज आला, "पाय आले."

पाय आले.
रडणं नाही आलं.
मी मोजत होते. अकरापर्यंत मोजलं.
बाराला ती अशी ओरडली
की वझलवार हसले मास्कच्या आत.
गालाला गाल लावला तिचा, ओला, कढत,
आणि नेली.

कापायला पाच मिनिटं, शिवायला पाऊण तास.
हे तरी मला आधीच ठाऊक असायला हवं होतं.
दात वाजत होते तरी विचारलं,
आतले टाके कोण उसवणार?
"ते विरघळतात."
मला हेवा वाटला त्या दोऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी सगळं खानदान एकच विचारतं,
गॅस सुटला काय?
सासरेही विचारतात, भिंतीकडे बघून.
पहिल्यांदा उभी राहशील तेव्हा वाटेल
आतलं सगळं आता खाली सांडणार.
नाही सांडत. शिवण पक्की असते.
खोकताना, शिंकताना, हसताना
पोटाशी उशी धर. दूध उशिरा आलं
तर स्वतःला शिव्या देऊ नको.
कोणी म्हणेलच, "नॉर्मल नाही झालं काय वं?"
तिला माझ्याकडे पाठव.
माप घेताना सांगते तिला.

आणि हे राहिलंच.
बारशाच्या आदल्या दिवशी बोकडे काका
कमरेत वाकडे होऊन दारात उभे,
उसण भरलेली.
"पायाळू पोरगी आहे म्हणते तुमच्याकडे?"
सासू म्हणाली, "सीझरची आहे. चालते काय?"
काकांनी विचार केला. खूप वेळ केला.
"पाय पहिले आले ना?
मंग चालते."

सतरंजीवर पालथे झोपले ते.
मी तिची टाच चिमटीत धरली,
गुंडीएवढी टाच,
आणि टेकवली त्यांच्या बनियनवर, तीनदा.
ती झोपेतच होती.
मला इतकं हसू आलं की टाके ओढले,
उशी द्या, उशी द्या म्हणत राहिले,
कोणी देईना, सगळे काकांकडे बघत होते.

उठले ते सरळ की वाकडेच, ते मला विचारू नको.
तू सातला पोच.
आणि नाकातली चमकी आजच काढ,
साबण लावून.